खंडेनवमीचं कुलूप

दर दिवाळीच्या आधी आमच्या शिरूरच्या कॉलनीच्या फाटकावर एक कागद चिकटवतात. बाहेरगावी जाताना दाराला दुहेरी कुलूप लावा. दागिने घरात ठेवू नका. शेजाऱ्यांना कल्पना देऊन जा. तो कागद वाचला की माझं डोकं फिरतं. शेजाऱ्यांना कल्पना द्या म्हणे! माझ्यावर चोरीचा आळ घेऊन जे आले ते माझे गाववालेच होते, आणि मी कुठं चाललोय, कुठल्या गाडीनं चाललोय, हे मीच त्यांना अगोदर सांगून ठेवलं होतं.

मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही रांजणगावच्या कंपनीत इतकी वर्षं सिक्युरिटी सुपरवायझर होता. तुम्हीच एक चांगला कागद लिहून द्या की." असा कागद मी एकदा लिहिलेला आहे. रांजणगावात कारखाने यायच्या कितीतरी आधी, माझ्या पहिल्या नोकरीत, पुठ्ठ्यावर, ठसठशीत अक्षरात. त्यातली एक ओळ खोडली गेली, आणि पुढच्या दीडेक वर्षात माझं गाव सुटलं. तेव्हापासून मी कुणालाही काही लिहून देत नाही.

गाव शिरूर तालुक्याच्या दक्षिण टोकाला. भीमा ओलांडली की दौंडचा रस्ता. गावाचं नाव सांगत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांची नातवंडं आज तिथं निवडणुका लढवतात आणि मला या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. बहात्तरचा दुष्काळ सरून चार-पाच वर्षं झाली होती. नदीवर इंजिनं बसली होती, ऊस वाढला होता, आणि गावच्या शेतकरी सोसायटीनं दगडी भिंतींचं, पत्र्याच्या छपराचं मोठं गोदाम बांधलं होतं. आत बियाण्याची पोती, युरिया, फवारणीच्या औषधाचे डबे. ते राखायला माणूस हवा होता. गावात पार्ट्या दोन. एकीचा माणूस बसवला तर दुसरी बोंब मारणार. म्हणून चेअरमननी मला बोलावलं. मी आमच्या बौद्ध वस्तीतला पहिला मॅट्रिक.

"तू बस तिथं," ते म्हणाले. "तू कुणाचाच न्हाईस."

मला वाटलं, हा विश्वास आहे. गाढव होतो मी.

आईला ते आवडलं नाही. आमच्या घरात माझ्या वडिलांपर्यंत येसकरकी होती. येसकर म्हणजे काठी घेऊन वेशीवर बसायचं, आलागेला बघायचा, गावाची राखण करायची आणि बदल्यात दारोदार भाकरी मागायची. आम्ही बौद्ध झालो त्या दिवशी वडिलांनी ती काठी चुलीत घातली होती. तिच्यावर आईनं चहा केला होता, असं ती कौतुकानं सांगायची. आता ती म्हणाली, "मग परत राखणच करायची व्हय?" वडील म्हणाले, "पगार हाय, सही हाय. भाकरी मागायची न्हाई. करू दे."

मी मन लावून केलं. त्या नोकरीत मला कळलं की चोर पंचांगावर चालतो आणि लोक सवयीवर. उन्हाळ्यात सगळे अंगणात बाजा टाकून झोपणार आणि दार सताड उघडं ठेवणार, वर म्हणणार की वारा येतो. पावसाळ्यात भिंतीच्या सांध्यातली माती भिजून भुसभुशीत होते, पहारीनं दोन दगड सुटतात, पण गोदामाच्या मागच्या बाजूला फिरून बघायचं तर चिखल तुडवावा लागतो म्हणून कुणी जाणार नाही. सुगीत रात्री सारं शिवार जागं असतं, जो तो आपलं खळं राखत असतो. चोराला खरी मोकळीक दुपारची, कारण गावात उरतात फक्त म्हातारी माणसं आणि कुत्री. हे मी चेअरमनना सांगायला गेलो की ते सुपारी कातरत म्हणायचे, "ऱ्हाऊ दे रं, आपल्या गावात कोण चोरतंय?" असं म्हणणाऱ्या माणसाचा मला आजही संशय येतो.

शेवटी मी सगळं त्या पुठ्ठ्यावर लिहिलं आणि गोदामाच्या दाराशी टांगलं. कुठल्या महिन्यात काय बघायचं, कुठल्या सणाला काय जपायचं. शेवटची ओळ होती: "खंडेनवमीच्या दिवशी गोदामास दुसरे कुलूप लावावे."

ही ओळ कशासाठी, ते सांगायला हवं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, गावात हत्यारांची पूजा होते. सुतार वाकस-करवत मांडतो, लोहार घण मांडतो, शेतकरी विळे-खुरपी धुऊन ठेवतो. ज्याची पूजा झाली त्याला त्या दिवशी हात लावायचा नाही, त्याला विसावा. इथवर ठीक आहे, ज्याचा त्याचा देव. पण आमच्या सोसायटीचं हत्यार कोणतं? वजनकाटा, आणि कुलपं! गोदामाच्या पुढच्या आणि मागच्या दाराची दोन्ही मोठी कुलपं सकाळीच काढायची, चिंचेनं लख्ख घासायची, हळदकुंकू लावून ऑफिसातल्या पाटावर वजनांशेजारी मांडायची, आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत तिथंच ठेवायची. तोवर दोन्ही दारांना नुसती कडी आणि वर झेंडूची माळ. सगळ्या तालुक्याला माहीत असलेली गोष्ट, की वर्षातून एक दिवस ह्या गावचं गोदाम उघडं असतं.

चेअरमननी पुठ्ठा वाचला. शेवटच्या ओळीशी आले, खिशातलं पेन काढलं आणि ती ओळ आडवी खोडली. "त्या दिशी लक्षुमी आत बसल्याली असती," ते म्हणाले. "तिला काय कोंडून घालायची?" बाकीच्या ओळी त्यांनी वाचल्या की नाही, कोण जाणे.

त्या वर्षी वडिलांचं नागपूर ठरलं होतं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं हा त्यांचा ध्यास होता. दीक्षा त्यांनी गावातच घेतली होती, ती जागा डोळ्यांनी पाहिली नव्हती. दर दसऱ्याला काहीतरी आडवं यायचं. एकदा दुष्काळ, एकदा आईचं आजारपण, मग माझी नोकरी. त्यांचा दमा वाढत चालला होता. ते म्हणायचे, "एकदा नागपूर बघू दे, मग मला कशाचं काई वाटायचं न्हाई." मी रीतसर अर्ज देऊन रजा घेतली. खंडेनवमीला दुपारच्या एस.टी.नं दौंड, तिथून संध्याकाळी मनमाडकडं जाणारी गाडी, पुढं नागपूर. वस्तीतले आणखी सात-आठ जण होते. अर्जात मी गाडीची वेळसुद्धा लिहिली होती. एवढा मी शहाणा.

पण उघडं गोदाम सोडून जायचं म्हटलं की मला घास गोड लागेना. आठवड्याच्या बाजाराला शिरूरला गेलो आणि पदरच्या पैशांनी एक पितळी कुलूप आणलं, जाडजूड, तळहाताएवढं. खंडेनवमीला सकाळी सोसायटीची कुलपं काढून ऑफिसात पोचवली. मग अकराच्या सुमाराला सगळ्यांनी येऊन गोदामातल्या मोठ्या वजनकाट्याची पूजा केली, नारळ फोडला, आणि निवदाच्या ओढीनं जो तो घराकडं पळाला. मी कडी घातली आणि माझं कुलूप लावलं. एवढ्यात विसरलेलं ताट न्यायला सोसायटीचे सेक्रेटरी परत आले.

"ह्ये काय?"

"आप्पा, जुन्या कुलपांना इसावा द्या की. ह्ये नवं हाय, ह्ये राबंल."

सेक्रेटरी भडकले. "तुमास्नी देव न्हाई म्हणून आमच्या देवाला कुलूप घालता व्हय? काढ आधी!"

"आप्पा, समदं गाव जेवून झोपणार. मी बी न्हाई. कुणी शिरलं तर?"

"कुणी शिरत न्हाई. काढतो का बोलवू चेअरमन आबास्नी?"

एस.टी.ची वेळ झाली होती, वडील फाट्यावर जाऊन उभे होते. मी कुलूप काढलं, किल्ली त्यातच ठेवली आणि दोन्ही माझ्या बोचक्यात टाकलं. आजवर जी काही माघार घेतली, त्यातली ही मला सगळ्यात जास्त बोचते. तिथंच पाय रोवून उभा राहिलो असतो तर निदान भांडण तरी झालं असतं.

दौंडच्या फलाटावर आम्ही भाकरीचं फडकं सोडून बसलो होतो. दिवस मावळायला आला होता, गाडीला अर्धा तास होता. वडिलांनी पुठ्ठ्याचं तिकीट चारदा खिशातून काढून पाहिलं होतं. तेवढ्यात जिन्यावरून सेक्रेटरी उतरताना दिसले, बरोबर गावचे दोघं आणि एक हवालदार. मला वाटलं, गावात कुणी गेलं. मी उठून सामोरा गेलो.

"ह्योच," सेक्रेटरी म्हणाले.

गोदामातून सहा पोती बियाणं आणि औषधाचे डबे गेले होते. भर दुपारी, सारं गाव पुरणपोळी खाऊन आडवं झालं होतं तेव्हा. आणि पूजेला हात न जोडणारा, दुपारी बोचकं घेऊन गाव सोडणारा एकच माणूस होता. हवालदारानं आमची बोचकी सोडायला लावली. भरल्या फलाटावर बरोबरच्या बायांची लुगडी, वडिलांचा पांढरा सदरा, वाटेसाठी घेतलेल्या दशम्या, सगळं फरशीवर. सहा पोती बोचक्यात मावत नाहीत, हे हवालदाराला सांगायची माझी हिंमत झाली नाही. मग ते कुलूप खणकन खाली पडलं.

"ह्ये बघा, गोदामाचं कुलूप!" गावच्या दोघांतला एक ओरडला.

मी सेक्रेटरींकडं बघत राहिलो. गोदामाची दोन्ही कुलपं त्यांच्या ऑफिसात पाटावर बसून कुंकू लावून घेत होती, हे त्यांच्याएवढं कुणाला माहीत होतं? हे पितळी कुलूप तर त्यांनीच सकाळी काढायला लावलं होतं. मी म्हणालो, "आप्पा, सांगा की ह्यांना." आप्पांनी धोतराचा सोगा झटकला आणि रुळांकडं पाहिलं. त्यांना मी आजही माफ केलेलं नाही. ते गेले, तेव्हा मी मातीला गेलो नाही.

गाडी आली. वस्तीतली माणसं वडिलांना म्हणाली, "मामा, तुमी चला, आमी हाय बरोबर." वडील म्हणाले, "माझ्या पोराला चोर म्हणून न्हेत्यात, आन् म्या वंदनाला जाऊ?" त्यांनी तिकीट टोपीच्या घडीत ठेवलं आणि माझ्यामागून जिना चढले, दर चार पायऱ्यांना थांबत. गाडी गेल्याचा आवाज आम्ही बाहेरून ऐकला.

चौकीत मला रात्रभर बसवून ठेवलं आणि दोन थपडा दिल्या. दसऱ्याच्या दुपारी अचानक म्हणाले, जा घरी. का, ते सांगितलं नाही. ते मला गावात आल्यावर कळलं. सकाळी चेअरमनच्या पुतण्याच्या दारातल्या कोंबड्या एकामागून एक पटापटा मेल्या होत्या. त्याच्या आईनं करणी केली म्हणून गल्लीत बोंब ठोकली, लोक जमले, कुणीतरी एक कोंबडी चिरून पाहिली, तर पोटात गुलाबी गहू. कीड लागू नये म्हणून विषारी औषध चोळलेलं ते नवं बियाणं होतं. दसरा झाल्यावर वाटायचं होतं, एकालाही दाणा दिलेला नव्हता. सांडलेले चार दाणे कोंबड्यांनी टिपले आणि कुंपणानंच शेत खाल्लंय हे साऱ्या गावाला कळलं.

मग काय झालं असेल? काही नाही. संध्याकाळी कडब्याखाली झाकलेली सहा पोती आणि औषधाचे डबे बैलगाडीतून परत आले. पुतण्यानं "उसनी नेली होती" असं ठरलं. आणि थप्पी लावायला मलाच बोलावलं. मी ती पोती पाठीवर वाहून एकावर एक रचली, आणि ज्यानं ती नेली होती तो दारात उभा राहून बिडी ओढत होता.

दुसऱ्या दिवशी मी चेअरमनकडं गेलो. म्हणालो, "आबा, मला दुसरं काई नको. चावडीत चार माणसांत एवढंच सांगा, की ह्यानं चोरी केली न्हाई."

"आरं, गावाला म्हाईतच हाय की."

"म्हाईत हाय तर बोलायला काय हरकत हाय?"

"झालं गेलं गंगेला मिळालं. तुझी नोकरी तर ठिवली ना?"

नोकरी ठेवली, कारण काढली असती तर का काढली ते सांगावं लागलं असतं. मीही राहिलो, कारण घरात पगार माझा एकट्याचा. पण चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की लोकांना संन्याशाचा गळाच आठवतो. वर्षभर मी वाण्याच्या दुकानात शिरलो की वाणी गल्ल्यावर हात ठेवायचा. हसून ठेवायचा, पण ठेवायचा. वडिलांनी एकदाही विषय काढला नाही. तिकीट मात्र टोपीतून काढलं नाही. टोपी धुवायची असली की तिकीट आधी आईच्या हातात द्यायचे आणि वाळली की परत मागून घ्यायचे. त्यांचा दमा आता बसूनही लागत होता. पुढचा दसरा चुकला तर नागपूर कायमचं राहणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सेक्रेटरी स्वतः गोदामावर आले. मला वाटलं, आता तरी शहाणे झाले असतील. म्हणाले, "औंदा रजा न्हाई. गेल्या साली काय झालं ठावं हाय ना? तू हितंच बसायचं. आन् तुझं ते पितळंचं कुलूप हाय न्हवं, ते बी दे पूजंला. तीन कुलपं बरी दिसत्यात."

मी होय म्हणालो.

खंडेनवमीला भल्या सकाळी मी सोसायटीची दोन्ही कुलपं काढली, चिंचेनं घासली आणि ऑफिसात पाटावर नेऊन ठेवली. सालाबादप्रमाणं, पद्धतशीर. परत आलो, दोन्ही दारांच्या कड्या घातल्या, मागचं दार आतून अडसर लावून बंद केलं आणि पुढच्या दाराला माझं पितळी कुलूप लावलं. चार वेळा ओढून पाहिलं. किल्ली खिशात टाकली, वडिलांना घेतलं आणि सकाळच्या पहिल्या एस.टी.नं दौंड गाठलं आणि संध्याकाळची वाट न बघता मनमाडकडची सकाळचीच गाडी धरली. ह्या वेळी शेजारी, पाजारी, अर्ज, कुणालाही काही सांगितलं नाही.

गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. भीमेकडची माळरानं मागं पडली तरी वडील सारखे दाराकडं बघत होते. कुणी चढतंय का, ह्याची धास्ती होती. तिकीट तपासनीस आला तेव्हा मी माझं तिकीट दाखवलं, त्यांनी मात्र स्वतःची दोन तिकिटं पुढं केली. त्यानं मळलेलं तिकीट उलटसुलट केलं. "बाबा, हे गेल्या सालचं आहे."

"म्हाईत हाय," वडील म्हणाले. "त्याचा परवास ऱ्हायलाय, ते बी येऊ द्या."

तपासनीस हसला आणि दोन्ही तिकिटं परत देऊन पुढं गेला. मग वडिलांनी मला विचारलं, "कुलूप लावलंस का?" अर्धी हयात राखण केलेला माणूस, तो दुसरं काय विचारणार? म्हणालो, लावलं. "किल्ली?" मी खिसा वाजवून दाखवला. त्यांनी डोळे मिटले आणि मनमाड येईपर्यंत झोपले. दम लागला नाही. नागपूर त्यांनी पाहिलं. तिथली चिमूटभर माती सदऱ्याच्या खिशात घेऊन आले.

गावात काय झालं ते आम्हाला परतल्यावर आमच्यातल्या एका म्हातारीनं सांगितलं. ती गोदामासमोरच्या पडीक रानात शेरडं राखायची. सांगताना तिला हसू आवरत नव्हतं.

"आबा नवं धोतर नेसून आलं. ताट, नारळ, मागं समदं गाव. बघत्यात तर दाराला ह्ये कुलूप! काटा आत, आन् पूजा भाईर. लोहाराला हाळी दिली, घण आण म्हणून. लोहार म्हणला, 'आबा, घणाला कुकू लावलंय. आज उचलत न्हाई, उद्या या.' सुताराकडं गेलं, त्यानं बी त्येच सांगितलं. पहार मागितली, ती बी पूजंत. आबाच बोलल्यालं हायती न्हवं, हत्याराला हात लावायचा न्हाई म्हणून? मग काय, हुबं ऱ्हायलं उनात. भटजी म्हणला मुहूर्त चाललाय. शेवटाला आबानं तुज्या कुलपालाच हळदकुकू लावलं, वर फूल वाहिलं, आन् उंबऱ्यावर नारळ फोडून गेलं."

दसऱ्याच्या सकाळी विसावा संपला आणि त्यांनी ते कुलूप घणानं तोडलं. आतलं एक पोतंही हललेलं नव्हतं. मी गेलो तेव्हा चेअरमन ऑफिसात बसले होते आणि तुटलेलं कुलूप टेबलावर होतं. किल्लीच्या भोकात कुंकू भरलेलं होतं. ते बरंच बोलले. साऱ्या गावाला दाराबाहेर उभं केलंस म्हणाले, देवाचा अपमान केलास म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस म्हणाले.

मी किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. "आबा, औंदा चोरी झाली का?"

"न्हाई."

"एवढंच चावडीत सांगा."

मी तुटलेलं कुलूप उचललं आणि घरी आलो. महिनाभरात आम्ही घर आवरून शिरूरला आलो. चावडीत ते कुणीच कधी बोललं नाही.